बर्लिनचं सेमिस्टर तिकीट: तीन सेमिस्टर वापरलंय, आता सांगते

परत ॲडमिशनचा सीझन आला आणि मला मेसेज यायला लागले. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, सेमिस्टरच्या फीमध्ये बस-ट्रेनच्या तिकिटाचे एवढे पैसे लावलेत, ते भरायलाच लागतात का?" प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा इथे एकदाच नीट लिहिते. थोडं लांबेल पण वाचा, कारण बर्लिनमध्ये मी ज्या ज्या गोष्टींवर पैसे खर्च केले त्यात हा खर्च सगळ्यात सार्थकी लागला असं माझं ठाम मत आहे.

आधी पैशाचं बोलू. मी ऑक्टोबर २०२४ ला आले तेव्हा सहा महिन्यांचे १७६.४० युरो होते, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण सोळा हजार रुपये. एप्रिल २०२५ पासून ते २०८.८० झाले, म्हणजे २०२५ मध्ये महिन्याला ३४.८० पडत होते. हे खरं तर डॉइशलँडटिकेटच आहे, अख्ख्या जर्मनीत चालणारं महिन्याचं तिकीट, तेच जे मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ आहे, फक्त विद्यार्थ्यांना ते साठ टक्के किमतीत मिळतं, त्यामुळे साधं तिकीट वाढलं की मागून आपलंही वाढतं हे धरून चाला. आणि हो, भरायलाच लागतात. सगळ्या विद्यार्थ्यांनी मिळून भरायचं म्हणूनच ते एवढं स्वस्त पडतं, तू नको मी नको असं केलं तर गणितच बसणार नाही. एकदम सहा महिन्यांचे द्यावे लागतात हे मात्र सुरुवातीला जड जातं, ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवतो त्या खात्यातून, महिन्याला ठरावीकच पैसे हातात येतात आणि त्याच महिन्यात घराचं डिपॉझिट, इन्शुरन्स, रजई, जाड बूट सगळं एकाच वेळी अंगावर येतं. ते पैसे घरून निघतानाच बाजूला काढून ठेवा.

वसूल होतं का? २०२५ मध्ये एबी झोनचं, म्हणजे शहराच्या हद्दीतलं, एका वेळचं साधं तिकीट ३.८० युरो होतं. महिन्यात दहा वेळा बसलात की झालं वसूल. मी दहा वेळा तर चार दिवसांत बसते.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना फिरायला जायचं म्हणजे आधी हिशोब, कोण किती काढणार, रिक्षा केली तर चौघांतच जमेल मग पाचवी कशी येणार, आणि त्या हिशोबातच निम्मे प्लॅन मोडायचे. इथे पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की पाचही जणींच्या-जणांच्या खिशात तेच तिकीट आहे, कुणाचे पैसे कमी कुणाचे जास्त हा विषयच संपला, चुकीच्या ट्रेनमध्ये बसलो तरी कुणाचं काही जात नाही, कुठलं स्टेशन आवडलं तर उतरा, नाही आवडलं तर पुढच्या गाडीने पुढे. आमच्या ग्रुपमध्ये मी सांगलीची, रूममेट कोल्हापूरची, एक केरळचा मित्र, एक कोलंबियाची आणि एक तुर्कस्तानातल्या इझमीरची. प्रत्येकाचं बजेट वेगळं, घरची परिस्थिती वेगळी. सोबत बाहेर खायला जायचं तर अजूनही कुणीतरी "मला भूक नाही" म्हणतं आणि आम्हाला कळतं की का म्हणतंय. फिरायला जाताना मात्र असं एकदाही झालं नाही.

सुरुवात रिंगबानपासून करा. बर्लिनभोवती गोल फिरणारी लोकल आहे ही, ३७ किलोमीटर, २७ स्टेशनं, एक फेरी पूर्ण व्हायला एक तास. एस ४१ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाते आणि एस ४२ उलटी. नकाशावर तो गोल कुत्र्याच्या डोक्यासारखा दिसतो म्हणून इथली माणसं त्याला तेच म्हणतात, कुत्र्याचं डोकं, आणि एकदा कुणी सांगितलं की मग दुसरं काही दिसतच नाही त्यात. पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली भिंत बांधली तेव्हा १९६१ मध्ये हा गोल तुटला, आणि भिंत पडून तेरा वर्षं होत आली तेव्हा कुठे २००२ मध्ये पूर्ण जोडला गेला.

डिसेंबरात इथे चारच्या आधीच सूर्य मावळतो. पहिल्या वर्षी त्याचा फार त्रास होतो, खरंच सांगते, घरची आठवण येऊन रडायला येतं. तेव्हा कोल्हापूरच्या रूममेटने आयडिया काढली. सत्तावीस चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर एका स्टेशनाचं नाव, आणि त्या तिच्या आईने दिलेल्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. दर शनिवारी एक चिठ्ठी काढायची, जे येईल तिथे उतरायचं, दोन तास पायी भटकायचं आणि परत यायचं. नेटवर आधी काही बघायचं नाही हा नियम. आत्तापर्यंत बावीस झालीत.

काही ठिकाणी काहीच नसतं, एक पेट्रोल पंप, एक मोठं फर्निचरचं दुकान आणि बोचरा वारा. पण वेस्टहाफेनची चिठ्ठी आली तेव्हा आम्ही रिंगवरून उतरून खाली यू ९ या भुयारी मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर गेलो तर भिंतभर पांढऱ्या टाइल्स आणि प्रत्येक टाइलवर एकेक अक्षर, दोन शब्दांत जागाच नाही. आम्हाला वाटलं नुसतं डिझाइन आहे. इझमीरच्या मैत्रिणीचं जर्मन आमच्यात सगळ्यात चांगलं, ती भिंतीला बोट लावून एकेक अक्षर वाचत पुढे जायला लागली आणि मधेच थांबून म्हणाली, अगं हा मानवी हक्कांचा जाहीरनामा आहे. मग तिने आम्हाला दोन कलमं वाचून दाखवली, प्लॅटफॉर्मवर उभं राहून, मधे गाड्या येत जात होत्या. त्या दिवशी आम्ही स्टेशनाच्या बाहेर गेलोच नाही.

ट्रेप्टोवर पार्कला सोव्हिएत सैनिकांचं स्मारक आहे, १९४९ चं, हातात लहान मूल घेतलेला सैनिक, बारा मीटर उंच. फोटोत त्याचा आकार कळत नाही, चालत चालत जवळ जाल तेव्हा कळेल. गेझुंडब्रुनेनला उतरलात तर हुम्बोल्टहाइनच्या टेकडीवर जुन्या विमानविरोधी तोफांच्या बुरुजाचा उरलेला भाग आहे, त्यावर चढून सूर्यास्त बघा. टेम्पेलहोफ तर माझं सगळ्यात लाडकं. अख्खा विमानतळ होता तो, १९४८-४९ मध्ये पश्चिम बर्लिनची रस्त्याची-रेल्वेची वाट अडवली तेव्हा विमानांनी धान्य आणि कोळसा इथे उतरवला, २००८ मध्ये विमानतळ बंद झाला आणि २०१० पासून ते मोकळं मैदान लोकांना खुलं आहे. धावपट्टीवर लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात, पोरं स्केटिंग करतात. मधोमध उभं राहिलं की चारी बाजूंना नुसतं आभाळ. हॉस्टेलच्या बारा स्क्वेअर मीटरच्या खोलीत आठवडा काढल्यावर तिथे गेलं की छाती भरून श्वास घेता येतो.

टुरिस्टवाली ठिकाणं बघायची असतील तर त्या महागड्या लाल बसेस अजिबात घेऊ नका. बस नंबर १००, झू स्टेशनवरून आलेक्झांडरप्लाट्झपर्यंत, डबलडेकर, वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट पकडायची. विजयस्तंभ, राष्ट्रपतींचा राजवाडा, राइखस्टाग म्हणजे संसद, ब्रांडेनबुर्ग गेटच्या जवळून, मग सरळ उंटर डेन लिंडन. १९९० मध्ये पूर्व आणि पश्चिम जोडणारी म्हणून ही बस सुरू झाली. आई-बाबा आले होते तेव्हा बाबांच्या गुडघ्यामुळे फार चालणं जमत नव्हतं, त्यांना मी या बसने तीन वेळा फिरवलं आणि दर वेळी वेगळ्या स्टॉपवर उतरलो. राइखस्टागच्या काचेच्या घुमटात फुकट जाता येतं पण आधी ऑनलाइन नाव नोंदवायला लागतं, ते विसरू नका.

भिंत बघायची तर ईस्ट साइड गॅलरीला सगळेच जातात, जा, १.३ किलोमीटर चित्रं आहेत, बघण्यासारखीच आहेत. पण आधी नॉर्डबानहोफ स्टेशनला जा. भिंत होती तेव्हा पश्चिम बर्लिनच्या काही भुयारी गाड्या मधे पूर्व बर्लिनच्या खालून जायच्या आणि तिथल्या स्टेशनांवर थांबायच्याच नाहीत, स्टेशनं बंद, अंधुक दिवे, प्लॅटफॉर्मवर पहारेकरी. त्यांना भुताची स्टेशनं म्हणायचे. नॉर्डबानहोफ त्यातलंच एक, आता तिथे स्टेशनातच त्याचं प्रदर्शन लावलंय, वर आलं की समोर बेर्नाउअर श्ट्रासेचं स्मारक सुरू होतं. दोन्ही फुकट. हे बघून झालं की मग तेव्हा अशीच पूर्व बर्लिनच्या खालून जाणाऱ्या रोजच्या यू ८ मध्ये बसल्यावर खिडकीबाहेरच्या अंधाराकडे तुम्ही पहिल्यासारखं बघणार नाही, मला तरी आता जमत नाही.

एप्रिलमध्ये आलात तर बोर्नहोल्मर श्ट्रासेला जा. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री सगळ्यात आधी सीमेवरचं जे तपासणी नाकं उघडलं ते या पुलावरचं. तिथे भिंतीच्या जागेवर आता चेरीची झाडं आहेत, जपानी लोकांनी वर्गणी काढून दिलेली. फुलं फार तर दोन आठवडे टिकतात. आम्ही दोनदा गेलो, एकदा बहर असताना आणि एकदा फुलं गळताना, आणि मला दुसरी खेप जास्त आवडली, सगळा रस्ता गुलाबी झाला होता आणि शेजारून एस-बानचे, म्हणजे लोकलचे आवाज.

बाजारहाट पण याच तिकिटावर होतो हे सांगायलाच हवं. मंगळवारी आणि शुक्रवारी मायबाखउफरला कालव्याकाठी तुर्की बाजार भरतो, यू ८ ने श्योनलाइनश्ट्रासेला उतरायचं. कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, मेथी कधी कधी, आणि भेंडी. आमची इझमीरची मैत्रीण भेंडीला बाम्या म्हणते, संध्याकाळी बाजार उठायच्या वेळेला ती तुर्कीत दोन वाक्यं बोलली की तो काका पिशवीत अजून दोन मुठी टाकतो. पहिल्यांदा ती भेंडी घरी आणून चिरली तेव्हा तो वास आला आणि आम्ही दोघी कोल्हापूर-सांगलीवाल्या एकमेकींकडे बघून गप्प झालो. दाण्याचं कूट घालून परतली, पाच जणांत वाटली, पॅन पुसून खाल्ला.

शहराबाहेर पण चालतं हे तिकीट, अख्ख्या जर्मनीत, फक्त लोकल आणि रिजनल गाड्या, म्हणजे एस-बान, यू-बान, ट्राम, बस, आरबी आणि आरई. आयसीई, आयसी असल्या लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्यांत चालत नाही, हे नीट डोक्यात ठेवा. सायकल न्यायची तर वेगळं तिकीट. पॉट्सडामला एस ७ जाते, सांसुसीचा राजवाडा आणि बाग बघा. बागेत फिरायला पैसे नाहीत. तिथे राजा फ्रीडरिखची कबर आहे, साधा चपटा दगड, आणि त्याच्यावर लोक बटाटे ठेवतात! १७५६ मध्ये त्याने बटाटा लावा म्हणून हुकूम काढला होता त्याची आठवण म्हणून. शेजारी त्याच्या लाडक्या कुत्र्यांच्या कबरी. केरळच्या मित्राने बॅगेतून एक छोटा बटाटा काढून हळूच ठेवला, त्याला हे आधीच माहीत होतं आणि त्याने आम्हाला सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. इथे स्टेशनला गेट नसतात, कुणीही सरळ आत जाऊ शकतं, आणि तिकीट फोनमध्ये असतं. तपासनीस साध्या कपड्यात असतात. कोलंबियाच्या मैत्रिणीचा फोन एका रात्री एम १० ट्राममध्ये बंद पडला आणि नेमकं पुढच्याच स्टॉपला तपासायला आले. तिकीट दाखवता आलं नाही म्हणजे विनातिकीटच, दंड ६० युरो. नंतर आपल्या नावाचं वैध तिकीट नेऊन दाखवलं की तो ७ युरोवर येतो, पण त्या वेळी ते आम्हाला माहीत नव्हतं आणि तिच्यासाठी ६० युरो म्हणजे दोन आठवड्यांचा किराणा, ती पोर रात्रभर झोपली नाही. पॉवरबँक जवळ ठेवा, आणि फोटो असलेलं ओळखपत्र पण ठेवा कारण तिकीट आपल्या नावाचं असतं, दुसऱ्याला देता येत नाही. हे तिकीट १ ऑक्टोबर किंवा १ एप्रिलपासूनच चालू होतं, त्याआधी पोहोचलात तर ते दिवस साधं तिकीट काढायलाच लागेल, विमानतळ सी झोनमध्ये येतो त्यामुळे एबीसी काढा, एबी नको.

मुलींसाठी: शुक्रवारी आणि शनिवारी यू-बान, एस-बान रात्रभर असतात, इतर दिवशी रात्री नाइट बस असते. मी एकटीने रात्री एक वाजता बऱ्याचदा आलेय. मोठ्या स्टेशनांवर दारू प्यायलेली माणसं असतात, तेव्हा ड्रायव्हरच्या मागच्या डब्यात बसते. घरी आईला लोकेशन शेअर केलेलं असतंच.

आता बोटींचं, जे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. या तिकिटावर फेरीबोटी पण चालतात आणि हे इथे दोन वर्षं राहिलेल्या मुलांना पण माहीत नसतं! एफ १० ही वानझेवरून क्लाडोला जाते, वीस मिनिटं, तासाला एक. वानझे हे खूप मोठं तळं आहे, उन्हाळ्यात शिडाच्या होड्यांनी भरलेलं. पलीकडे क्लाडोला उतरून काठाकाठाने चालायचं आणि एक्स ३४ बसने शहरात परत. सकाळी वेळ असेल तर वानझेवरूनच ११४ नंबरच्या बसने त्या व्हिलाला जाऊन या जिथे २० जानेवारी १९४२ ला नाझी अधिकाऱ्यांनी बसून ज्यूंच्या कत्तलीची व्यवस्था ठरवली. प्रवेश फुकट. मागे तळं, समोर बाग, इतकी सुंदर जागा, आणि आत टेबलावरचे ते कागद. आम्ही तिथून बाहेर आल्यावर बोटीत अर्धा वेळ कुणी बोललं नाही.

आणि एफ २४. पूर्वेला शहराच्या टोकाला राह्न्सडोर्फ म्हणून भाग आहे, एस ३ ने जायचं, पुढे बस. तिथे म्युगेलश्प्रे नदीवर वल्ह्याची नाव आहे. इंजिन नाही, माणूस वल्हवतो. आणि ती सरकारी वेळापत्रकातली लाइन आहे, थांब्यावर इतर बसेससारखाच पिवळा एच लिहिलेला बोर्ड. फक्त उन्हाळ्यात शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी. आम्ही जूनमधल्या एका रविवारी गेलो. नदी तशी अरुंदच, पलीकडचं माणूस बोललेलं ऐकू येईल एवढी. काठाला पाणवनस्पती, बदकं, आणि लाकडी धक्क्यावर उन्हाने तापलेल्या लाकडाचा वास. नावाड्याने हात देऊन एकेकीला आत घेतलं, वजन सारखं व्हावं म्हणून कुणी कुठे बसायचं ते बोटाने दाखवलं. आम्ही फोन पुढे केले, त्याने बघून मान हलवली. मग वल्हं पाण्यात गेल्याचा तो आवाज.

लहानपणी आजोबा मला हरिपूरला संगमावर न्यायचे, कृष्णा आणि वारणा मिळतात तिथे, आणि नावेत बसलं की म्हणायचे हात पाण्यात घालू नकोस पण बोटं टेकव. ते गेले तेव्हा मी इथे होते, थिसिसचं सबमिशन होतं, जाता आलं नाही. त्या नावेत मी बोटं टेकवली. पाणी गार होतं. रूममेटला माहीत होतं, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, बाकीच्यांनी काही विचारलं नाही.

दोन-तीन मिनिटांत पलीकडे पोहोचलो. उतरलो, तिथेच काठावर बसून डब्यातली थालीपिठं खाल्ली, नावाड्याला पण एक दिलं, त्याने दोन घासात संपवलं आणि परत जाणार का असं विचारलं. तिकीट तर होतंच. आम्ही त्या दुपारी पाच वेळा नदी ओलांडली.